बेकिंग केलं, सर्टिफिकेट आहे, तरी पिन तुटली: हायड्रोजन, बारीक तडे आणि फटीग

बोथटधार

मंडळी, डोकं खाजवून झालं, आता इथे विचारतो.

मी टेस्टिंगला आहे. एक पिन आहे, १६ मिलीमीटर व्यासाची, अलॉय स्टीलची. हार्डनिंग-टेम्परिंग करून ४८ एचआरसी (रॉकवेल हार्डनेस), मग ग्राइंडिंग, मग झिंक प्लेटिंग, मग बेकिंग (ॲसिड-प्लेटिंगमध्ये स्टीलमध्ये शिरून ते ठिसूळ करणारा हायड्रोजन तापवून काढणं). फटीग टेस्टमध्ये (पुन्हा पुन्हा उलटसुलट ताण देऊन तडा जातो का बघतात ती), फिरत्या वाकणावर ५०० मेगापास्कलच्या स्ट्रेस अॅम्प्लिट्यूडला ती एक कोटी सायकल टिकायला हवी. प्लेटिंग न केलेले नमुने टिकले. प्लेटिंग केलेल्या सहापैकी दोन पिना तुटल्या, एक चार लाखांच्या आसपास आणि दुसरी नऊ लाखांच्या. उरलेल्या चार मजेत धावल्या. सगळ्या एकाच हीटमधल्या (वितळवलेल्या एकाच घाण्यातल्या), प्लेटिंग एकाच बॅरलमधलं.

प्लेटिंगवाल्याचं म्हणणं: प्लेटिंगनंतर तासाभरात भट्टीत टाकल्या, २०० अंशांवर रात्रभर ठेवल्या, हा घ्या चार्ट. ग्राइंडिंगवाल्याचं म्हणणं: मापं बघा, फिनिश बघा, आमचं काय चुकलं? दोघांचेही कागद चोख. पिन मात्र तुटलेली.

तुटलेल्या तोंडाकडे भिंगातून पाहिलं. एका कडेला नखाच्या चंद्रासारखा बारीकसा खरखरीत, चमचमता तुकडा आहे, साखरेच्या दाण्यांसारखा. त्याच्यापुढे नेहमीचं गुळगुळीत फटीगचं मैदान आणि शेवटी ओढून तुटलेला भाग. हायड्रोजन म्हणावं, तर प्लेटिंगच्या बोल्टसारखी दोन दिवसांत फटकन का नाही तुटली? साधं फटीग म्हणावं, तर हा साखरेचा चंद्र कुठून आला?

अडगळीतला_इंजिनिअर

वाचनखूण साठवली. आमच्याकडे असं झालं की 'मटेरियल डिफेक्ट' असं लिहून फाइल बंद करतात.

फेराइट

बोथटधार, 'हायड्रोजन की फटीग' असा प्रश्न टाकलात तिथेच गाडी रुळावरून घसरली. तुमच्या पिनेत दोघांनी मिळून काम केलेलं दिसतंय. जरा सविस्तर लिहितो, कारण हा गोंधळ फार जणांचा असतो.

आधी फटीग लिमिट म्हणजे काय ते. 'या स्ट्रेसखाली तडा पडतच नाही ती हद्द' असं आपण कॉलेजात घोकतो. प्रत्यक्षात कितीतरी स्टीलमध्ये फटीग लिमिटच्या स्ट्रेसवर कोटी सायकल चालवून नमुना काढला आणि मायक्रोस्कोपखाली धरला, तर त्यात बारीक तडे सापडतात. ते पडलेले असतात, थोडे वाढलेले असतात आणि मग कुठेतरी अडून बसलेले असतात. म्हणजे ही हद्द पडलेला तडा थांबण्याची आहे. हे एकदा डोक्यात बसलं की हायड्रोजन नेमका कुठे घाव घालतो ते कळतं: तो तड्याला थांबू देत नाही.

आता तुमच्या पिनेचा हिशेब. जपानी संशोधक मुराकामींचं एक साधं सूत्र आहे. दोष कुठलाही असो, इन्क्लूजन (स्टीलमध्ये अडकलेला परका कण), ओरखडा किंवा तडा, ताणाच्या दिशेला काटकोनात बघितलं तर त्याची सावली किती क्षेत्रफळाची पडते ते काढायचं आणि त्याचं वर्गमूळ मायक्रॉनमध्ये घ्यायचं. मग व्हिकर्स हार्डनेसमध्ये १२० मिळवायचे, त्याला १.४३ ने गुणायचं आणि त्या मायक्रॉनच्या सहाव्या मुळाने भागायचं. उत्तर मेगापास्कलमध्ये येतं, पृष्ठभागावरच्या दोषासाठी आणि उलटसुलट सारख्या ताणासाठी.

४८ एचआरसी म्हणजे साधारण ४८० व्हिकर्स. दोषच नसेल तर फटीग लिमिट हार्डनेसच्या १.६ पट धरतात, म्हणजे जवळपास ७७० मेगापास्कल. तुमच्या ५०० पुढे भरपूर वाटतं ना? आता दोष घाला:

१० मायक्रॉन: सुमारे ५८५
२० मायक्रॉन: सुमारे ५२०
५० मायक्रॉन: सुमारे ४४५

झालं. २० मायक्रॉनला तरलात, ५० ला बुडालात. आणि इथे एक खोच आहे. ग्राइंडिंगचा तडा उथळ पण लांबलचक असतो. अशा तड्यासाठी ते वर्गमूळ खोलीच्या साधारण ३.२ पट धरतात. म्हणजे ५० मायक्रॉनचा दोष व्हायला तडा १६ मायक्रॉन खोल असला तरी पुरतो. केसाच्या जाडीच्या पाव भागाहूनही कमी. मापं आणि फिनिश बघून तो कुणाला दिसणार?

आणि हा नुसत्या साध्या हवेत चालवलेल्या पिनेचा हिशेब आहे, हायड्रोजन अजून आलेलाच नाही.

प्रश्नचिन्ह

विद्यार्थी आहे, बाळबोध प्रश्न असेल तर सांभाळून घ्या. स्टील जितकं कडक तितकं फटीगला चांगलं, असंच शिकलोय. मग मऊ स्टीलच बरं म्हणायचं का?

फेराइट

बाळबोध अजिबात नाही. वरचंच सूत्र घेऊन स्वतः करून बघा. ३०० व्हिकर्सचं स्टील, दोषाविना ४८०. ६०० व्हिकर्सचं, दोषाविना ९६०. दुप्पट. आता दोघांतही १०० मायक्रॉनचा दोष घाला. पहिलं २८० वर येतं, दुसरं ४८० वर. म्हणजे हार्डनेस दुप्पट करून ४८० ची कमाई होणार होती, ती २०० वर आली. कडक स्टील अजूनही पुढेच आहे, पण कमाईतला मोठा हिस्सा दोषाने खाल्ला. मऊ स्टील चार ओरखडे पोटात घालतं, कडक स्टील एकाचाही हिशेब मागतं.

आणखी एक. लहान तडा मोठ्या तड्याच्या नियमाने वागत नाही. तडा वाढण्याचा वेग आपण पॅरिस नावाच्या संशोधकाच्या नियमाने काढतो आणि एका थ्रेशोल्डच्या खाली वाढ शून्य मानतो. पण तो थ्रेशोल्ड काही मिलीमीटर लांबीच्या तड्यांवर मोजलेला असतो. लांब तड्याच्या मागे त्याचे दोन काठ एकमेकांवर टेकतात, त्यामुळे टोकापर्यंत पूर्ण ताण पोचत नाही. एल्बरने १९७० च्या सुमारास दाखवलेलं हे क्रॅक क्लोजर. नवजात तड्याला मागे टेकायला काठच नसतात, सगळा ताण थेट टोकावर. म्हणून तो थ्रेशोल्डखालीही सरकतो. कधी ग्रेन बाउंड्रीशी (स्टीलच्या दोन दाण्यांमधल्या सीमेशी) अडखळतो, कधी पार होतो. पार होणारे थोडे आणि अडणारे पुष्कळ. सहातल्या दोनच पिना का तुटल्या, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

आम्लराज

मी प्लेटिंगच्या धंद्यातला, म्हणून राहवत नाही. काहीही तुटलं की आमच्या टाकीकडे बोट दाखवायचं ही जुनी रीत आहे. बोथटधार स्वतः लिहितायत की तासाभरात बेकिंग केलं. चार तासांच्या आत भट्टीत घालावं असा दंडक, इथे तासाभरातच घातलं. १९० ते २२० अंशांची पट्टी, इथे २००. अजून काय करायचं? क्लोराइड झिंकच्या बाथमध्ये करंटची कार्यक्षमता नव्वद टक्क्यांच्या वर असते, म्हणजे हायड्रोजन मुळात कमी सुटतो. हार्ड क्रोमशी तुलना करून बघा. तिथे ऐंशी-नव्वद टक्के करंट हायड्रोजन सोडण्यातच जातो.

जुनाहातोडा

आम्लराज, रागावू नका. तुमचं बरोबर आहे आणि अपुरंही आहे. बाथमधून हायड्रोजन कमी जातो, मान्य. पण बाथच्या आधी पिकलिंग असतं ना? हार्डनिंगची काळी खपली काढायला ॲसिडात किती वेळ बुडवली? तो वेळ बेकिंगच्या चार्टवर कधीच नसतो.

ॲसिडाने पोलाद ठिसूळ होतं हे आजचं ज्ञान नाही. विल्यम जॉन्सनने १८७५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलंय. ॲसिडात बुडवलेली तार थोडी वाकवली की मोडायची, आणि मोडलेलं तोंड ओलं केलं की त्यातून बारीक बुडबुडे फसफसायचे! आणि तीच तार काही दिवस ठेवली किंवा तापवली की पुन्हा चिवट व्हायची. बेकिंगची कल्पना तिथपासूनची.

पण तार पूर्ववत झाली, कारण तोवर तिच्यात तडा पडला नव्हता. बेकिंग हायड्रोजन काढतं, तडा शिवत नाही. हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा बोललो की पोरं मागून नक्कल करायची.

अडगळीतला_इंजिनिअर

बेकिंगने सगळाच हायड्रोजन निघतो का पण? झिंकचा थर तर वरून झाकणासारखा बसलेला असतो.

फेराइट

चांगला मुद्दा. झिंक आणि कॅडमियममधून हायड्रोजन फार कष्टाने जातो. थर घट्ट आणि जाड असेल तर बेकिंगमध्ये काही हायड्रोजन बाहेर पडतो आणि काही आतल्या आत जागा बदलतो. स्टीलच्या आत त्याला बसायला 'ट्रॅप' असतात: डिस्लोकेशन (अणूंच्या रांगांतल्या, हलू शकणाऱ्या चुका), ग्रेन बाउंड्री, कार्बाइडच्या कडा, मँगनीज सल्फाइड. काही ट्रॅप उथळ असतात, तिथला हायड्रोजन नेहमीच्या तापमानालाही ये-जा करतो. काही खोल, तिथे बसला की सहसा सुटत नाही. उपद्रव करतो तो हिंडता हायड्रोजन. व्हॅनेडियमची अतिबारीक कार्बाइडं मुद्दाम आणतात ती याचसाठी, हिंडत्याला जागेवर बसवायला.

प्रमाण किती, तर वजनाने दहा लाखात एक भागही कडक स्टीलला पुष्कळ होतो. अणू मोजले तर अठरा हजार लोखंडाच्या अणूंमागे एक हायड्रोजन. पण तो सगळीकडे सारखा पसरत नाही. तड्याच्या टोकापुढे अणूंची जाळी ताणून थोडी रुंद झालेली असते, आणि हायड्रोजन तिकडे गोळा होतो. शिवाय टोकाशी प्रत्येक सायकलला डिस्लोकेशन हलतात आणि त्याला सोबत वाहून नेतात.

तिथे पोचल्यावर तो नक्की काय करतो यावर पन्नासेक वर्षं वाद चालू आहे. एक पक्ष म्हणतो, तो अणूंमधली पकड ढिली करतो. ट्रोयानोपासूनचा विचार. दुसरा, बीचमने १९७२ मध्ये मांडलेला, म्हणतो की तो डिस्लोकेशनचं हलणं सोपं करतो, त्यामुळे सगळं विरूपण एका बारीक पट्टीत कोंडलं जातं आणि तिथेच फाटतं. माझं मत विचाराल तर कडक मार्टेन्साइटमध्ये (हार्डन केलेल्या स्टीलच्या रचनेत) दोन्ही चालतात: डिस्लोकेशन हायड्रोजनला जुन्या ऑस्टेनाइटच्या (हार्डनिंगआधी तापलेल्या स्टीलच्या रचनेच्या) ग्रेन बाउंड्रीपाशी आणून सोडतात, तिथली पकड आधीच ढिली झालेली असते. तुमचा साखरेचा चंद्र म्हणजे त्या बाउंड्रींवरून सुटलेले दाणे. साधं फटीग दाण्यांच्या आरपार जातं, म्हणून गुळगुळीत दिसतं.

प्रश्नचिन्ह

मग चंद्रानंतर लगेच गुळगुळीत का झालं? हायड्रोजन संपला?

फेराइट

एका अर्थी हो. बाहेरून नवा पुरवठा नव्हता, होता तेवढा आतला. शिवाय वेगाची शर्यत असते. कडक टेम्पर केलेल्या स्टीलमध्ये हायड्रोजन साधारण एका सेकंदात १० मायक्रॉन सरकतो. अंतर काळाच्या वर्गमुळाने वाढतं, म्हणजे शंभर सेकंदांत १०० मायक्रॉन. तडा सुरुवातीला हजारो सायकलमध्ये एखादा मायक्रॉन सरकतो, तेव्हा हायड्रोजनला त्याला गाठायला हवा तेवढा वेळ मिळतो. पुढे तडा धावायला लागला की हायड्रोजन मागे पडतो आणि साधं फटीग उरतं.

याचा एक वाईट परिणाम टेस्टिंगवाल्यांनी ध्यानात ठेवावा. तुम्ही मशीन किती हर्ट्झवर चालवता त्यावर उत्तर बदलतं. अल्ट्रासॉनिक मशीनवर, २० किलोहर्ट्झला, एका सायकलमध्ये हायड्रोजन जेमतेम ०.०७ मायक्रॉन सरकतो. तिथे पास झालेला तुकडा प्रत्यक्षात सेकंदाला एकदा किंवा मिनिटाला एकदा वाकणार असेल, तर त्या पासावर किती विसंबायचं? हायड्रोजन वायूच्या दाबाखालच्या पाइपलाइनच्या स्टीलवर म्हणूनच मुद्दाम संथ, एक हर्ट्झ किंवा त्याहून कमी वेगाने तडा वाढवून बघतात. तिथे हवेच्या तुलनेत वाढीचा वेग दहापट आणि वरही गेलेला मोजलाय. गंमत म्हणजे त्याच वायूत ऑक्सिजनचा नुसता अंश मिसळला तरी तो टोकाच्या ताज्या पृष्ठभागावर बसून हायड्रोजनला दार बंद करतो आणि वेग बराच उतरतो.

बोथटधार

आमचं मशीन ५० हर्ट्झवर. म्हणजे निकाल वाईट आलाय तो बऱ्या परिस्थितीतला, असं म्हणायचं तर!

अडगळीतला_इंजिनिअर

ते सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजचे रॉड असेच गेले होते ना?

जुनाहातोडा

ती जात वेगळी. मार्च २०१३ मध्ये ताणले आणि काही दिवसांतच ९६ पैकी ३२ तुटले. तीन इंची, गॅल्व्हनाइज केलेले रॉड, आणि ताणण्यापूर्वी काही वर्षं बसवलेल्या भोकांत पाणी साचलेलं. तिथे भार स्थिर होता, सायकल नव्हत्या. नुसत्या ताणाखाली हायड्रोजन हळूहळू गोळा होतो आणि मग अचानक जातं, ते उशिरा होणारं तुटणं. प्लेटिंगच्या टेस्टमध्ये खाचेचा नमुना दोनशे तास ताणून ठेवतात ते यासाठीच.

त्या टेस्टमध्ये पास झालेला माल फटीगमध्ये मार खाऊ शकतो, हे मात्र कुणी मनावर घेत नाही. दोनशे तास स्थिर भार सोसायला लागणारा हायड्रोजन वेगळा, आणि अडून बसलेल्या तड्याला 'चल, अजून एक दाणा' म्हणून पुढे ढकलायला लागणारा वेगळा. दुसऱ्याला फार कमी पुरतो.

फेराइट

+१. आणि याचा सगळ्यात सुंदर पुरावा प्लेटिंगच्या वाटेला न गेलेल्या स्टीलमध्ये आहे. बेअरिंगच्या स्टीलसारखं कडक स्टील एक कोटी सायकलच्याही पुढे नेलं तर ते कधीकधी आतून तुटतं. पृष्ठभाग साफ, आणि आत एका ऑक्साइडच्या इन्क्लूजनभोवती माशाच्या डोळ्यासारखी गोल खूण. डोळ्याच्या मधोमध, इन्क्लूजनला चिकटून, साध्या मायक्रोस्कोपखाली काळं दिसणारं एक कडं असतं. सायकल जितक्या जास्त तितकं ते मोठं. मुराकामींच्या गटाने दाखवलं की इन्क्लूजनपाशी अडकलेला हायड्रोजन त्या कड्यात तडा सरकवत राहतो. त्याच स्टीलला व्हॅक्यूममध्ये हीट ट्रीटमेंट देऊन आतला हायड्रोजन घटवला, तर तेवढ्याच आयुष्याला कडं लहान निघतं. इथे कोणी ॲसिड लावलं नव्हतं, आम्लराज. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीतल्या वायूतून आत गेलेला तेवढा हायड्रोजन पुरला.

आम्लराज

बरं, एवढं मान्य. पण मग बोथटधारांच्या पिनेतला तडा आधीचा की आमच्या टाकीनंतरचा, हे कसं ठरवणार? बोलण्याने नाही ठरत ते.

जुनाहातोडा

ठरतं. चंद्र सुरू होतो तिथली कड इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली घाला आणि मूलद्रव्यं तपासा. तड्याच्या आत झिंक मिळालं तर तडा टाकीत जाण्याआधीचा. आणि दुसरी, न तुटलेली पिन घ्या, झिंक उतरवा, नायटलमध्ये (नायट्रिक ॲसिड आणि अल्कोहोलच्या द्रावणात) बुडवून बघा. ग्राइंडिंगमध्ये जळाली असेल तर डाग बोलतील. झिंक उतरवताना पुन्हा हायड्रोजन जाईल, पण ती पिन आता टेस्टला जायची नाहीये.

बोथटधार

आठ दिवसांनी येतोय. रिपोर्ट हातात आहे.

तुटलेल्या दोन्ही पिनांत चंद्राच्या मुळाशी एक सपाट, मळकट पट्टी निघाली, १८ ते २० मायक्रॉन खोल आणि चांगली लांब. पट्टीच्या तोंडाशी झिंक आहे. आत जाऊन झिंक संपतं, पण क्लोरीन शेवटपर्यंत आहे. पट्टीच्या पुढे साखर, म्हणजे दाण्यांच्या कडांवरून सुटलेला भाग, अंदाजे ६० मायक्रॉन. मग फटीग.

न तुटलेल्या चारपैकी दोन पिना नायटलमध्ये बुडवल्या. एक एकसारखी राखाडी. दुसरीवर आडवे काळपट पट्टे, झेब्र्यासारखे, आणि एका पट्ट्याच्या मधोमध पांढरट रेघ. आमच्या लॅबचा माणूस म्हणाला, काळा पट्टा जास्त टेम्पर झालेला आणि पांढरी रेघ पुन्हा हार्डन झालेली, म्हणजे ग्राइंडिंगमध्ये तिथला पृष्ठभाग चांगलाच तापला होता. ती पिन तुटली नव्हती, हे बघून माझेच हात गार पडले.

फेराइट

चित्र लागलं मग. ग्राइंडिंगमध्ये काही पिना जळाल्या, त्यांना १८-२० मायक्रॉनचे तडे गेले. ३.२ ने गुणा, साठ मायक्रॉन आले, म्हणजे हवेतच फटीग लिमिट ४३५ च्या आसपास. या पिना प्लेटिंग न करताही ५०० ला टिकणं कठीणच होतं. मग पिकलिंगचं ॲसिड तड्यात शिरलं आणि धुताना निघालं नाही. तुमचा क्लोरीन तोच, किंवा बाथमधला. हायड्रोजन थेट टोकाशीच तयार झाला, बाहेरून आत यायचीही गरज उरली नाही. बेकिंगने पिनेच्या अंगातला काढला असेल, पण तड्यात कोंडलेल्या ओलाव्याने आणि क्लोराइडने नंतरही थोडा थोडा बनवत ठेवला असणार, असा माझा अंदाज.

आम्लराज

म्हणजे आमच्या टाकीत आल्या तेव्हाच चिरलेल्या होत्या! हेच म्हणत होतो. ;)

पण मलाही एक कबूल करायला हवं. पिकलिंगचा वेळ आम्ही खरंच लिहून ठेवत नाही, खपली निघेपर्यंत ठेवतो. या हार्डनेसच्या मालाला ॲसिडाऐवजी ब्लास्टिंग (बारीक कणांचा मारा) करून पाठवा, मी तेवढाच ॲक्टिव्हेशनचा (ॲसिडात क्षणभर बुडवण्याचा) झटका देईन, सेकंदांत मोजून. किंवा सरळ झिंक फ्लेक (झिंकच्या पापुद्र्यांचा लेप) लावा, त्यात करंटच नाही.

अडगळीतला_इंजिनिअर

आणि शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा)?

जुनाहातोडा

ग्राइंडिंगनंतर, प्लेटिंगच्या आधी. वरचा थर दाबाखाली राहिला की बारीक तड्याचं तोंड उघडत नाही. पण जळालेल्या पिनेवर पीनिंग म्हणजे तड्यावर शिक्का मारणं. आधी नायटल, मग पीनिंग.

बोथटधार

दहा पिनांचा नवा घाणा काढलाय. व्हील बदललं, कूलंटची धार नीट कटवर आणली, प्रत्येक पिन नायटलमधून काढली आणि त्या तपासणीनंतर लगेच बेक केली, कारण नायटलही ॲसिडच. मग पीनिंग, ब्लास्टिंग आणि झिंक फ्लेक. नायटलमध्येच एक बाद झाली, तीच मी मायक्रोस्कोपसाठी ठेवलीये. मशीनही ५० ऐवजी ५ हर्ट्झवर लावलंय, त्यामुळे एका पिनेच्या एक कोटीला तेवीसेक दिवस जाणार. साहेबांनी तोंड वाकडं केलं, फेराइट यांचा प्रतिसाद छापून दाखवला.

आज पहिली पिन एकतीस लाखांवर आहे. तुटली की कळवतो.